आत्याच्या वाटची वारी

लोणंदच्या पालखीतळावर माणूस शोधायचा तर नुसतं नाव सांगून भागत नाही. दिंडीचा क्रमांक सांगावा लागतो, शिवाय ती रथापुढची की रथामागची तेही. थोरल्याला क्रमांक तोंडपाठ होता. आत्याच्या वळकटीवर ऑइलपेंटने रंगवलेला तो आकडा बघतच तो लहानाचा मोठा झाला होता. अकोल्याहून रात्रीची रेल्वे, पुण्याहून एसटी आणि पुढे वाहनं अडवलेली म्हणून पायपीट, असं करत तो दिवस कलताना तंबूपाशी पोचला. धाकटी तंबूच्या तोंडाशी पाय पसरून सुईत दोरा ओवत होती. टाचेच्या फोडातून सुई आरपार काढायची आणि दोरा तसाच आत ठेवायचा, म्हणजे पाणी झिरपून जातं, ही दिंडीतली डॉक्टरकी. खरे डॉक्टर या उपायाला नाकं मुरडतात. दिंडीवाले त्यांच्या नाकांकडे लक्ष देत नाहीत.

"पिशवी भर. रात्रीच निघू," थोरला उभ्या उभ्याच म्हणाला.

"आधी चहा घे. आत्या कशी आहे?"

"आहे तशीच आहे."

"मग निघायचं कशाला?"

हे भांडण लोणंदला सुरू झालेलं नव्हतं. आत्या म्हणजे दोघांच्या वडिलांची थोरली बहीण. ऐन तरुणपणी कुंकू पुसून माहेरी आली, पुढे भावजय अकाली गेली तेव्हा ही दोन्ही पोरं तिच्याच पदराखाली वाढली. तिने स्वतःसाठी म्हणून एकच गोष्ट मागून घेतली होती: ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदी गाठायची आणि आषाढी एकादशीला पंढरपूर. मधले अडीचशे किलोमीटर तिच्या मालकीचे. तेवढ्या दिवसांत तिला कुणी घरातलं काम सांगायचं नाही. एकतीस वाऱ्या झाल्या. गेल्या दिवाळीत पाय सुजायला लागले, दोन्ही मूत्रपिंडं थकल्याचं निदान झालं आणि सोमवार, बुधवार, शुक्रवार असे आठवड्यातले तीन दिवस डायलिसिसच्या खुर्चीला बांधले गेले. दर खेपेला चार तास. देशातल्या जिल्हा रुग्णालयांत २०१६पासून गरिबांसाठी मोफत डायलिसिसची योजना आली, महात्मा फुले जनआरोग्य योजनेतही हा उपचार बसतो, त्यामुळे पैशाचा घोर थोडा कमी झाला. वेळेचा मात्र झाला नाही. रुग्णाला आणायला-न्यायला माणूस लागतो आणि ते माणूस कुठल्याही योजनेतून मिळत नाही.

मे महिन्यात आत्याने धाकटीला जवळ बोलावलं. "माझी वारी चुकवू नको, माय," एवढंच म्हणाली. धाकटीने शाळेतून रजा काढली, दिंडीची भिशी भरली, आत्याचं पितळी वृंदावन डोक्यावर घेतलं आणि निघाली. थोरल्याला हे पटलं नव्हतं. तो स्टेशनवर सोडायलाही आला नव्हता.

चहा आला. थोरल्याने पहिला दाखला पुंडलिकाचा दिला, आणि तो द्यायलाच हवा होता. पंढरपूरला चाललेल्या माणसाला घरी परत न्यायचं असेल तर पुंडलिकाइतका भक्कम वकील दुसरा नाही.

"तू चालली आहेस कुणाकडे?" त्याने विचारलं. "विठ्ठलाकडे. तो तिथे उभा का आहे? एका मुलाने आईबापाचे पाय चेपायचं सोडलं नाही म्हणून. देव दारात आला तरी पोरगं उठलं नाही, वीट फेकली आणि म्हणालं, थांब. आज चंद्रभागेच्या वाळवंटात आधी पुंडलिकाचं दर्शन घेतात, मग विठ्ठलाचं. जयघोषातही आधी त्याचंच नाव. घरी बसून सेवा करणाऱ्या माणसाच्या गावाला तू घर सोडून चाललीस, हे कळतंय का तुला?"

धाकटी शाळेत पोरांना मराठी शिकवते. गोष्ट अर्धी सांगितलेली तिला खपत नाही. "सुरुवात खाल्लीस," ती म्हणाली. "पुंडलिक आधी कसा होता? आईबापाला हिडीसफिडीस करणारा. मग काशीला निघाला. वाटेत कुक्कुटस्वामींचा आश्रम लागला. पहाटे मळक्या कपड्यांतल्या बायका आत गेल्या आणि उजळ होऊन बाहेर आल्या, ते त्याने पाहिलं. त्या नद्या होत्या, गंगा-यमुना-सरस्वती. कुक्कुटस्वामी कधी काशीला गेले नव्हते, आईबापाच्या सेवेत होते, म्हणून नद्याच त्यांच्या दारी झाडलोट करायला यायच्या. हे सगळं पुंडलिकाला कळलं कुठे? वाटेवर. घरी बसून राहिला असता तर जन्मभर तसाच राहिला असता."

"बरोबर. आणि कळल्यावर तो पुढे काशीला गेला की माघारी फिरला?"

यावर धाकटी गप्प बसली. कथेचा दुसरा भाग भावाच्या बाजूने होता आणि तो तिने स्वतःच त्याच्या हाती दिला होता.

मग तिने क्रिकेट काढलं. घरगुती वादात क्रिकेटपटू येतात ते बहुधा मूळ विषयापासून श्वास घ्यायला फुरसत मिळावी म्हणून. १९९९चा विश्वचषक. इंग्लंडमध्ये असलेल्या सचिन तेंडुलकरला वडील, कवी-प्राध्यापक रमेश तेंडुलकर, गेल्याची बातमी कळली. तो मुंबईला आला, झिम्बाब्वेविरुद्धचा सामना चुकला, आणि काही दिवसांतच परत जाऊन २३ मे रोजी ब्रिस्टलला केनियाविरुद्ध नाबाद १४० धावा काढून आकाशाकडे बघितलं. "त्याला परत कुणी पाठवलं? आईने. घरात दुःख असताना आईनेच सांगितलं, जा. मला आत्याने सांगितलं."

"ते वडील गेल्यावर. असताना काय करायचं ते अश्विनला विचार." थोरल्याची तयारी पक्की होती. १६ फेब्रुवारी २०२४, राजकोट. रविचंद्रन अश्विनने इंग्लंडविरुद्ध कसोटीतला आपला पाचशेवा बळी घेतला. आयुष्यभर ज्याची वाट बघायची तो दिवस. त्याच रात्री, कसोटी अर्धी सोडून तो चेन्नईला गेला. आई रुग्णालयात होती. "कसोटी अर्धी सोडली. तुला वारी अर्धी सोडवत नाही."

"आणि आईने त्याला बघून काय विचारलं? तू का आलास, सामना सोडून? त्यानेच सांगितलंय नंतर. आणि चौथ्या दिवशी तो मैदानात परत हजर होता."

"खास विमानाने. बीसीसीआयने पाठवलेल्या. तुझ्यासाठी विमान कोण धाडणार आहे, दिंडीचालक?"

दोघंही हसली. तंबूतल्या म्हाताऱ्या बायकाही हसल्या. त्यांतल्या निम्म्यांना अश्विन कोण ते माहीत नव्हतं, पण विमानाचं कळलं.

हसणं ओसरल्यावर थोरला खरं बोलला. खरं म्हणजे बटाट्याबद्दल बोलला.

मूत्रपिंड काम करेनासं झालं की रक्तातलं पोटॅशियम बाहेर पडत नाही. ते वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात. म्हणून केळं नको, शहाळं नको, खजूर नको. बटाटा आणि रताळं नेहमीसारखं तर मुळीच नको. बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळून, ते पाणी फेकून मग थोडं. शेंगदाणे जपून. ही यादी उपासाच्या फराळाशी ताडून बघितली तर एकादशीच्या ताटात वरीचे तांदूळ आणि साबुदाणा तेवढा उरतो. पाणी तर भांड्याने मोजून. "आषाढी येतेय," थोरला म्हणाला. "ती उपास सोडणार नाही. आयुष्यभरात सोडला नाही. तिला रताळं का नाही ते रोज नव्याने कोण समजावतं माहीत आहे? पाणी मागते तेव्हा अर्ध्या वाटीवर कोण थांबवतं? तू संध्याकाळी फोन करतेस, हरिपाठ ऐकवतेस, ती डोळे पुसते, म्हणते पोरीने माझं नाव राखलं. मी समोर बसलेला असतो. मी तिला पाणी नाकारलेला माणूस असतो."

हे धाकटीला नवीन होतं. दूर राहणाऱ्याच्या वाट्याला आजारी माणसाचा चांगला तास येतो. संध्याकाळचा, तोंड धुऊन, उशीला टेकून बसलेला. उरलेले तेवीस जवळच्याच्या वाट्याला येतात. परदेशातून आठवड्याला व्हिडिओ कॉल करणारी मुलं आणि पुण्या-नागपुरात आईबापाची औषधं आणणारी भावंडं यांच्यात हाच हिशेब वर्षानुवर्षं अडलेला असतो. दूरच्याचं प्रेम खोटं नसतं, त्याला त्याची किंमत वेगळ्या नाण्यात मोजावी लागते, एवढंच. आणि ते नाणं जवळच्याच्या दुकानात चालत नाही.

"मी तुझी थट्टा करत नाहीये," धाकटी हळू म्हणाली. "पण मी घरी असते तर एक माणूस जास्त झाला असता. इथे नसते तर तिची वारी शून्य झाली असती. रोज मी तिला काय सांगते ते ऐकलंस का कधी नीट? दिवे घाटात पाऊस आला. सासवडला आपल्या तंबूशेजारी यंदा कोण उतरलं. पिठलं पातळ झालं. वाल्ह्याला पाण्याचा टँकर उशिरा आला. आज नीरेत माउलींच्या पादुकांना स्नान घातलं तेव्हा मी कुठे उभी होते. तिला देवाबिवाचं काही नको असतं. तिला तिच्या बायकांच्या गप्पा हव्या असतात. खुर्चीला चार तास बांधलेली असते ना, तेव्हा ती मनात हेच चालते."

"२०२० साली चालली की अंगणात," थोरला म्हणाला.

ते दोघांनाही आठवत होतं. करोनाच्या त्या वर्षी पायी वारी रद्द झाली. माउलींच्या पादुका एकादशीच्या आदल्या दिवशी एसटीने पंढरपूरला गेल्या. आत्याने दिंडीचं जुनं वेळापत्रक भिंतीला लावलं आणि वृंदावन डोक्यावर घेऊन रोज अंगणात फेऱ्या मारल्या. आज जेजुरी म्हणाली की जेजुरी. त्या दिवशी घरात भंडारा उधळला होता. पुढच्या वर्षीही तेच. एकतीसमधल्या दोन वाऱ्या अशा फरशीवरच्या आहेत, आणि त्या मोजायच्या की नाहीत असं कुणी विचारलं तर ती भांडायला उठते.

"म्हणजे तिनेच दाखवलंय की वारी घरी होते," थोरला.

"तेव्हा सगळेच थांबले होते, दादा. माउलीच एसटीत बसले होते. आता सगळे चालताहेत आणि ती एकटीच थांबली आहे. त्यात फरक आहे."

फरक आहे, हे मान्य करावं लागेल.

बाहेर समाजआरतीची गर्दी जमू लागली होती. तळावर पालखी ठेवली की सगळ्या दिंड्या गोल करून उभ्या राहतात, हजारो टाळ एकदम वाजत असतात आणि चोपदाराने दंड उंच करून आरोळी दिली की क्षणात शांतता होते. हरवल्या-सापडल्याची घोषणा होते, दुसऱ्या दिवशी निघायची वेळ सांगतात. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर ती मात्र थांबत नाही. टाळ वाजवतच राहते. मग चोपदार तिच्यापाशी जातो, म्हणणं ऐकून घेतो, आणि मगच आरती. लाखोंच्या गर्दीत दाद मागायची ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. त्या रात्री कुठल्याच दिंडीची तक्रार नव्हती. थोरला काठावर उभा राहून ती शांतता ऐकत होता. परत येताना त्याने पिशवीतून एक फाइल काढून बहिणीच्या हातात दिली.

आत आत्याचे कागद होते. डायलिसिसचं रुग्णालय बदलायचं तर नव्या ठिकाणी आधी रक्ताचे अहवाल लागतात, कावीळ बी आणि सी आणि एचआयव्हीचे. ते ताजे होते. सोलापूरच्या एका केंद्राचा फोन नंबर होता. पंढरपूर तिथून सत्तरेक किलोमीटर. म्हणजे दशमीच्या आधी तिला सोलापूरला आणायचं, तिथे डायलिसिस करायचं, गाडीने जमेल तितकं जवळ न्यायचं आणि निदान कळसाचं दर्शन घडवायचं, असा बेत याने, धाकटीला घरी न्यायला आलेल्या याच माणसाने, महिनाभर आधीपासून आखला होता.

"डॉक्टर नाही म्हणाले," तो म्हणाला. "परवा डायलिसिस चालू असताना तिचं बीपी खाली गेलं. प्रवास नको म्हणाले. तेवढ्यासाठीच आलो. तुला न्यायचं तर होतंच. पण हे फोनवर सांगवेना."

ती रात्र दोघांनी बोलण्यात काढली, फारसा वाद न घालता.

दुसऱ्या दिवशी थोरला परत गेला नाही. तरडगावचा टप्पा छोटा, तेवढा चालतो म्हणाला. वाटेत चांदोबाचा लिंब, तिथे वारीतलं पहिलं उभं रिंगण. वारकरी रस्त्याच्या दोन्ही कडांना ओळी धरून उभे राहतात आणि मधून दोन घोडे दौडत जातात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार, दुसऱ्यावर कुणीच नाही. तो माउलींचा अश्व. कर्नाटकातल्या अंकलीहून शितोळे सरकारांकडचे हे घोडे दरवर्षी येतात, हैबतबाबा आरफळकरांनी सोहळ्याची घडी बसवली तेव्हापासून. त्या मोकळ्या पाठीवर स्वतः ज्ञानेश्वर बसलेले आहेत अशी सगळ्यांची खात्री असते आणि घोडा पुढे गेला की त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला झुंबड उडते.

धाकटीने वृंदावन सावरत त्या रिकाम्या पाठीकडे बोट दाखवलं. भावाला जे सांगायचं होतं ते तिने शब्दांत सांगितलं नाही. शाळामास्तरणीला हे फार क्वचित जमतं. थोरल्याने वाकून चिमूटभर माती उचलली, रुमालाच्या टोकाला गाठ मारून बांधली आणि रुमाल खिशात घातला.

चालता चालता त्याने एक प्रश्न विचारला. "सप्ताहात वीणा खाली का ठेवत नाहीत?"

"अखंड नाम चालावं म्हणून. दोन-दोन तासांचे पहारे लावतात. एकाने गळ्यातून काढली की दुसऱ्याने घालायची. मध्ये जमिनीला टेकवायची नाही."

"आत्या हाताला वीणा म्हणते. माहीत आहे?"

माहीत नव्हतं. डायलिसिससाठी मनगटाजवळची धमनी आणि शीर शस्त्रक्रियेने जोडतात, त्याला फिस्टुला म्हणतात. रक्त तिथून जोराने धावतं आणि वर बोट ठेवलं तर तार छेडल्यासारखी थरथर लागते. ती थरथर बंद पडली तर लगेच रुग्णालय गाठायचं. त्या हातावर बीपी मोजायचं नाही, वजन उचलायचं नाही, डायलिसिसखेरीज सुई टोचू द्यायची नाही. रोज सकाळी बोट ठेवून बघावं लागतं. "आत्या विचारते, वाजते का गं? वाजते म्हटलं की मग चहा."

"वाजते का *गं*?" धाकटीने शब्द पकडला. "म्हणजे बोट तू ठेवत नाहीस."

थोरला दहा पावलं काही बोलला नाही. "सकाळी माझी बँक असते," तो शेवटी म्हणाला.

"आणि आत्ता? तू इथे आहेस, मी इथे आहे. काल शुक्रवार होता. खुर्चीपाशी चार तास कोण बसलं?"

तरडगावला तंबू लागले तेव्हा दुपार टळली होती. थोरल्याने बूट काढले. दोन्ही टाचांना फोड. धाकटीने काही न बोलता सुईदोरा पुढे केला. तेवढ्यात तिचा फोन वाजला. वारीत नेटवर्क लागणं हाही एक प्रसाद असतो, म्हणून तिने घाईने उचलला. वहिनी होती.

आत्या बरी होती. काल बीपी उतरलं नव्हतं. बटाट्याची भाजी दोन पाण्यांत उकडून केली होती, आत्याने त्याला कागदाचा लगदा म्हटलं आणि संपवली. मग वहिनी थोडं थांबली.

"ताई, हे तिथेच आहेत ना? एक सांगायचं होतं. सोमवारी माझ्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, यवतमाळला. दुसरा डोळा. तारीख महिन्यापूर्वीच मिळालेली. पहिल्या डोळ्याच्या वेळीही मला जाता आलं नव्हतं."

"आधी का नाही सांगितलंस, वहिनी?"

"तुमचं दोघांचं चालू होतं ना." तिच्या आवाजात राग नव्हता. "सोमवारी सकाळी इथे कोण असेल तेवढं ठरवून कळवा. आठला गाडी करून निघावं लागतं, साडेआठला खुर्ची मिळते. उजव्या हाताला डायलिसिसखेरीज कुणाला सुई लावू देऊ नका. आणि त्या आधी हात बघायचा, विसरायचं नाही."

फोन आत्याकडे गेला. तिने पहिला प्रश्न विचारला तो पिठल्याबद्दल, दुसरा फोडांबद्दल. थोरलाही चालतोय हे ऐकल्यावर पलीकडे बराच वेळ शांतता होती, आणि मग तिने खोबरेल तेल लावायला सांगितलं, फोडावर नाही, कडेने.

धाकटीने दिंडीचं छापील वेळापत्रक काढलं. फलटण, बरड, नातेपुते. दोघं त्यावर वाकली. फलटणहून पुण्याची एसटी, पुण्याहून रात्रीची गाडी, सोमवारी पहाटे अकोला. एकाच माणसाचं तिकीट लागणार होतं.

धाकटीने उशापाशी ठेवलेल्या वृंदावनातल्या तुळशीला पाणी घातलं आणि भावाच्या चामडी बुटांकडे बघितलं.

"हे चालायला कामाचे नाहीत," ती म्हणाली. "फलटणच्या बाजारात आधी चपला घेऊ."